गाडीचा विमा आणि सिबिलची भीती

लातूरच्या एका ओळखीच्या शिक्षकांकडून गेल्या उन्हाळ्यात आम्ही जुनी गाडी घेतली. आठशे सीसीची, एमएच 24 नंबरची, सात वर्षांची. पैसे भिशीचे आणि थोडे साठवलेले. व्याजाच्या कर्जाला घरात पहिल्यापासून नकार, म्हणून एवढी वर्षे मोटारसायकलवरच काढली. अर्धापूरहून नांदेडला जायचे तर एसटी आहे, ऑटो आहेत. पण अम्मींना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा न्यायचे म्हटल्यावर केळीच्या ट्रकांमधून मोटारसायकल चालवणे जमेना.

गाडी दारात आली आणि कळले की तिचा विमा वीस दिवसांत संपणार आहे. मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, "अम्मी, मोबाईलवर सगळ्या कंपन्यांचे दर बघते, पाच मिनिटांचं काम." तेवढ्यात शेजारचे चाचा चहाला आले. त्यांनी लगेच थांबवले. "बेटा, जितक्या ठिकाणी विचारशील तितका अब्बूंचा सिबिल खाली येईल. मी व्हिडिओ पाहिलाय."

मुलीने फोन खाली ठेवला. आम्हीही गप्प बसलो, कारण सिबिल म्हणजे नक्की काय, हे वीस वर्षे शिकवूनही आम्हाला नीट माहीत नव्हते.

चाचांचा व्हिडिओ खोटा नव्हता, पण तो आपल्या देशाचा नव्हता. आमचा भाचा अमेरिकेत असतो, त्याला विचारले. त्याने सांगितले की तिकडे बहुतेक राज्यांत गाडीच्या विम्याचा हप्ता ठरवताना माणसाच्या कर्जफेडीचा इतिहासही पाहतात. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई येथे तसे करायला मनाई आहे. गंमत अशी की तिथेसुद्धा नुसता विम्याचा दर विचारला म्हणून कुणाचा स्कोअर उतरत नाही.

आपल्याकडे हिशोब निराळा. विम्यातला सक्तीचा भाग म्हणजे थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तो प्रत्येक गाडीला लागतो, नाहीतर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याचा दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून हजार सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला वर्षाला 2,094 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. कलेक्टरला तेवढेच आणि केळीच्या बागेतल्या मुकादमालाही तेवढेच. कुणाचा सिबिल किती, हा प्रश्नच त्यात येत नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. तिथे गाडीचे वय, इंजिन, तिची आजची किंमत आणि मागे किती वर्षे क्लेम केला नाही, हे पाहतात. क्लेम न केल्याची सूट पहिल्या वर्षी 20 टक्के आणि वाढत वाढत 50 पर्यंत जाते. आम्हाला वाटले, लातूरच्या सरांची 50 टक्के सूट गाडीबरोबर आम्हालाही मिळेल. नाही मिळत. सूट माणसाची, गाडीची नाही. आणि गाडी विकत घेतली की चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, हेही तेव्हाच समजले. अकरा दिवस होऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकली.

मुलीने पुन्हा दर पाहायला घेतले. एका ॲपने गाडीच्या नंबरानंतर पॅन नंबर मागितला, आणि खाली बारीक अक्षरांत एक चौकट आधीच टिक केलेली होती. नुसत्या दरासाठी गाडीचा नंबर आणि जुनी पॉलिसी पुरते, पॅनचे काय काम? वाचले तर ती चौकट आमचा क्रेडिट रिपोर्ट पाहायला परवानगी देणारी होती. विम्याच्या दुकानात कर्जाचा माल विकायचा, असा तो प्रकार. टिक काढायच्या आधी मुलीच्या अब्बूंचा पॅन टाकून झाला होता. संध्याकाळपासून फोन सुरू. "सर, पाच लाखांचं लोन तुमच्यासाठी तयार आहे."

हे चिडले, पण त्या चिडण्यातूनच त्यांनी रिपोर्ट मागवायचे ठरवले. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत, सिबिल त्यातली सर्वांत जुनी, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. आपला रिपोर्ट आपण पाहिला तर तो एक अंकानेही घटत नाही. कर्जाचा अर्ज केल्यावर बँक पाहते त्याची नोंद राहते, आणि थोड्या दिवसांत अशा पुष्कळ नोंदी झाल्या तर थोडा फरक पडतो. चाचांच्या बोलण्यात खरे होते ते इतकेच.

आमच्या रिपोर्टात स्कोअरच्या जागी काहीच नव्हते. कधी कर्ज नाही, क्रेडिट कार्ड नाही, म्हणून इतिहासच नाही. भिशीचा हप्ता बारा वर्षांत एकदाही चुकला नाही, पण तो हिशोब खालाजानच्या वहीत, आणि त्या वहीला कोण विचारतो!

ह्यांच्या रिपोर्टात मात्र स्कोअर होता, आणि वाईट होता. ज्याने कधी स्वतःसाठी रुपया उचलला नाही त्याच्या नावापुढे एक कर्ज, तीन हप्ते थकलेले. खाली लिहिले होते: जामीनदार.

मामेभावाच्या दुकानासाठी चार वर्षांपूर्वी ह्यांनी सही केली होती. आमच्यासमोरच केली होती. आम्ही चहा ठेवला होता त्यांच्यासाठी. जामीन म्हणजे साक्षीदारासारखे काहीतरी, अशी आमची दोघांचीही समजूत. 1872 च्या करार कायद्यात मात्र जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरली आहे, बँक थेट त्याच्या दारात येऊ शकते. मुलांना उर्दूच्या तासाला आम्ही अमानत शब्दाचा अर्थ समजावतो. जामीन शब्दाचा कधी समजावला नव्हता.

रात्री मामेभावाला बोलावले. तो मान खाली घालून बसला. "भाईजान, दुकान बसलं. तुम्हाला सांगायची शरम वाटली." ह्यांचा आवाज चढला, मग अम्मींनी आतून हाक मारली आणि उतरला. हप्ते तीन, एकतीस हजार रुपये. आमच्याकडे गाडीच्या विम्याला आणि दुरुस्तीला बाजूला ठेवलेले पस्तीस हजार होते.

आम्हाला, खरे सांगायचे तर, ते पैसे द्यायचे नव्हते. तसे बोलूनही दाखवले, आणि मामेभावाच्या बायकोने ते ऐकले. ते अजून आम्हा दोघींमध्ये आहे.

पैसे दिले. पण ह्या वेळी तोंडी नाही. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, हे सांगणारी सूरह बकरामधली आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. ती शेकडो वेळा वाचूनही घरच्या माणसासमोर कागद काढायला हात जड होतो. मुलीने वहीच्या पानावर लिहिले, दोघांनी सह्या केल्या, चाचा साक्षीदार झाले.

उरलेल्या चार हजारांत थर्ड पार्टी आणि चालवणाऱ्याच्या नावाचा पंधरा लाखांचा अपघात विमा बसला. स्वतःच्या नुकसानीचा राहिला, पुढच्या वर्षी पाहू. गाडी लिंबाच्या झाडाखाली उभी असते आणि वारा सुटला की हे उठून फांदीकडे बघायला जातात. मामेभाऊ दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरल्याची पावती व्हॉट्सॲपवर पाठवतो. मागच्या महिन्यात आठ तारखेला आली. ते तीन दिवस घरात कुणी त्या विषयावर बोलले नाही.