बातमी व्हाया नांदेड-लातूर

परवा ऑफिसात केक कापला. निमित्त? मी लिहिलेलं प्रेस रिलीज तीन वेबसाइट्सवर कानामात्रा न बदलता झळकलं! बॉस खूश, क्लायंट डबल खूश. मी मात्र केकचा तुकडा हातात धरून थेट पोचले नांदेडला. एप्रिल 2016 मध्ये.

तेव्हा आम्ही मास कॉमचे विद्यार्थी. 'बातमी आणि सत्य' असा भारदस्त विषय, एक सर, आमची टोळी आणि तपोवन एक्स्प्रेस. सकाळी मुंबई सोडली की संध्याकाळी नांदेड. सामान टाकून आधी गाठला हुजूर साहिब गुरुद्वारा. रात्रीची रोषणाई, लंगरची गरमागरम डाळ-रोटी... पिकनिकच की राव!

दुसऱ्या दिवशी सरांनी पिशवीतून झेरॉक्स काढल्या. 2009 च्या विधानसभा निवडणुकीतल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण याच जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्यांचं कौतुक करणारा एकच लेख तीन स्पर्धक मराठी दैनिकांत, शब्दन्‌शब्द तोच! पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये हे उघड केलं. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च चव्हाणांनी दाखवला होता 5,379 रुपये. पैसे देऊन बातम्या छापल्याचा आरोप त्यांनी नाकारला. जुलै 2014 मध्ये निवडणूक आयोगाने हिशोब नीट दिला नाही असा ठपका ठेवला, सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने तो आदेश रद्द केला.

"पण सर, लेखात खोटं काय होतं?" आमच्यातल्या एकाने विचारलंच.

"वाक्यन्‌वाक्य खरं धरून चल. पण तीन पेपरांतल्या तिघांना तीच वाक्यं कशी सुचली? वाचकाला वाटतं, वार्ताहराने स्वतः बघून लिहिलंय. ते वाटणं खोटं."

मग लाल डब्यातून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. खिडकीतून आत येणारा वारा म्हणजे निव्वळ भट्टी. मांजरा धरण आटलेलं. पाण्यावरून भांडणं नकोत म्हणून मार्चमध्येच पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी, कलम 144. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिलला आली होती, 10 वॅगन आणि सुमारे 5 लाख लिटर. आम्ही पोचलो तोवर 50 वॅगनची गाडी सुरू झाली होती, म्हणजे 25 लाख लिटर. चॅनेलवाले, कॅमेरे, आमचे मोबाइल... सगळ्यांचे फोटो एकदम खरे. मी वहीत हेडिंगही लिहून टाकलं, 'लातूरची तहान भागली'.

मग स्टेशनपासून थोडं लांबच्या एका गल्लीत शिरलो. दारोदारी रिकामी बॅरलं. एका मावशींनी विचारलं, "काय लिवलालाव?" मी मोठ्या ऐटीत हेडिंग वाचून दाखवलं.

मावशी हसल्या. "टेशनात पानी आलं, ते टीव्हीनं दावलं. माझ्या बॅरलात कवा आलं, ते कोन दावनार?"

मी हेडिंग खोडलं. आम्ही दिवसभर गल्लीत फिरलो. दर दारात एकच प्रश्न, शेवटचा टँकर कधी आला? उत्तरं तारखेनिशी लिहून घेतली. ती बातमी फक्त कॉलेजच्या बोर्डावर लागली, वाचली चौघांनी. पण त्यातला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी दारात उभं राहून आणलेला होता. त्यानंतर नोकरी लागली, पगार वाढला, आणि दारात जाणं सुटलं.

तुम्हीही जा एकदा तिकडे. लंगर चुकवू नका, लातूर जिल्ह्यात निलंगा राईस खा. आणि स्टेशनपासून दोन गल्ल्या आत शिरा.

तर... केक संपला. डेस्कवर आले आणि तिन्ही वेबसाइट्सना मेल टाकला, 'खाली "कंपनीचं प्रसिद्धिपत्रक" एवढं छापाल का?' एकीने छापलं. दोघींचं उत्तर नाही. बॉसला अजून सांगितलेलं नाही.

हा अंक त्याच्या टेबलावर दर आठवड्याला येतो, एवढं मात्र मला माहितीये.