फाडी, खडी, कच

खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला टाकायचा. पाथरवट दगडाची परीक्षा अजूनही हातोडीच्या एका टोल्यावर करतो. बद्द वाजला म्हणजे आत चीर आहे. छिन्नी लावली की तो नको तिथेच फुटणार.

*

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक निवत गेले आणि आपला सह्याद्री झाला. पण त्या लाव्हाचा काळा दगड सगळीकडे सारखा नाही. थर सलग आणि घट्ट असेल तर तो बांधकामाचा. वायूच्या बुडबुड्यांची भोके पांढऱ्या-हिरव्या स्फटिकांनी भरली असतील तर ते स्फटिक जमवणाऱ्यांचे भाग्य. गवंडी त्याकडे बघणार नाही. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा असतो. बोगदे खोदणारे इंजिनिअर त्याच्या नावाने खडे फोडतात.

*

विहीर खणताना वरून खाली: काळी, मुरूम, मांजऱ्या, मग कातळ. सगळा एकाच दगडाचा गोतावळा, कोणी जास्त झिजलेला, कोणी कमी. गंमत अशी की या दगडाची झीज होऊन झालेली काळी माती घराची वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतींना तडे देते. म्हणून पाया तिच्यातून पार करून निदान पक्क्या मुरमापर्यंत न्यायचा.

*

गडांवरची पाण्याची टाकी बघताना आपण पाण्याचेच बोलतो. पण टाके खोदताना निघालेला दगड कुठे गेला? बराचसा शेजारच्या तटबंदीत. खाणही तीच, हौदही तोच, आणि दगड गडावर चढवायची हमाली वाचली. आजच्या ठेकेदाराने हा हिशेब जरूर बघावा.

*

वेरूळचे कैलास लेणे एकेकाळी पांढऱ्या गिलाव्याने मढवलेले होते. ‘रंगमहाल’ हे त्याचे जुने नाव. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात खाली थोडा संगमरवर, वर घुमटाला संगमरवर आणि मधला सगळा भार काळ्या दगडावर. त्यावर गुळगुळीत पांढरा गिलावा. काळ्या दगडाने ओझे उचलायचे आणि चेहरा पांढऱ्याने मिरवायचा. आता उलटी हौस आली आहे: विटांच्या भिंतीला काळ्या दगडाच्या पातळ चकत्या चिकटवून ‘वाडा’ म्हणतात. मला त्यापेक्षा गिलावा प्रामाणिक वाटतो.

*

किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. सुमारे 8,000 माणसे गेली. पुढे कितीतरी दिवस लोक म्हणत, दगडाने मारले. दगडाच्या घरात निजायला माणसे धजत नव्हती.

त्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण एक भिंत म्हणून उभ्या नव्हत्या. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, दोन्ही मातीत रचलेले. मधल्या पोकळीत डबराचा भराव. दोन पदरांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवदाची टनावारी माती. जमीन हलली तसे पदर सुटे झाले, पोटातला डबर ढासळला आणि माळवद खाली आले. पुढे उभ्या राहिलेल्या घरांना बळकटी देताना भिंतीला जागोजागी आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायची रीत शिकवली गेली. म्हणजे न घातलेला लांब दगडच तो, उशिरा घातलेला. असा दगड लांब लागतो, जपून फोडावा लागतो, महाग पडतो. पैसे तिथे वाचवले जात होते. दगड बिचारा खणखणीतच होता.

*

फाडीचे, म्हणजे घडीव काळ्या दगडाचे, वजन घनफुटाला 80 किलोच्या घरात. एका फाडीचे कोपरे सरळ करायला कारागिराचा निम्मा दिवस सहज जातो. मजुरीचे गणित एवढे उघड आहे की फाडी का मागे पडली हे वेगळे सांगायला नको.

*

खडी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजनाने सव्वाचार-साडेचार टन. वीस एमएम, दहा एमएम आणि तळाला उरते ती कच. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून वाळूही बरीचशी क्रशरवरच तयार होते. काँक्रीटच्या आकारमानात साधारण सत्तर टक्के खडी आणि वाळू, तेव्हा चकचकीत टॉवरमध्ये राहणाराही काळ्या दगडातच राहतो. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींवर मजुरांच्या मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ निघाल्या. टॉवरच्या माहितीपत्रकात ही माहिती छापत नाहीत.

*

स्लॅबच्या दिवशी खडीचा ट्रक आला की मूठभर उचलून बघावी. चौकोनी, धारदार, धूळ न चिकटलेली असेल तर उतरवून घ्यावी. चपटे, लांबट तुकडे जास्त दिसले तर काँक्रीट नीट बसत नाही, पोकळ्या राहतात. धूळ जास्त असेल तर सिमेंट दगडाला धरत नाही. ड्रायव्हर म्हणेल, ‘साहेब, सगळीकडे हीच जाते.’ तरी ट्रक परत पाठवावा.