रिकाम्या चौकटींची वही

आमच्या वाचनालयाचं मासिक पत्रक आता ई-मेलनं जातं. गेल्या दिवाळीच्या पत्रकात आठ फोटो होते. पत्रक सकाळी गेलं आणि संध्याकाळपर्यंत सात-आठ सभासदांचा एकच निरोप आला: मजकूर मिळाला, फोटोंच्या जागी नुसत्या चौकटी आहेत. ग्रंथपाल बाईंच्या संगणकावर मात्र आठही फोटो जागच्या जागी होते. त्या दिवसापासून ही वही ठेवते आहे.

*

पाठवणाऱ्याच्या पडद्यावर चित्र दिसतं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. बाईंनी पत्रक वेबपान म्हणून जुळवलं आणि त्यातला कोड मेलमध्ये चिकटवला. पत्राबरोबर फोटो गेलेच नाहीत. गेला तो फोटोंचा पत्ता, आणि तोही बाईंच्या सी ड्राइव्हमधल्या एका फोल्डरचा. त्यांच्या संगणकाला तो पत्ता सापडतो, म्हणून त्यांना फोटो दिसतात. सभासदाच्या संगणकात तो फोल्डर असणार कुठून?

*

‘चित्र दिसत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी एकच प्रश्न विचारते: चित्र आहे कुठे? जागा तीनच. पत्राच्या पोटात, दूरच्या एखाद्या सर्व्हरवर, नाहीतर पाठवणाऱ्याच्याच संगणकात. पहिल्या दोन जागा रीतसर आहेत, तिसरी म्हणजे चूक. जीमेलमध्ये पत्राशेजारच्या तीन टिंबांवर ‘शो ओरिजिनल’ असतं. तिथे पत्राचा कच्चा मजकूर उघडतो आणि उत्तर बहुधा त्यातच मिळतं.

*

मुळात ई-मेलमध्ये चित्राला जागाच नव्हती. 1982 साली जॉन पोस्टेल यांनी टपालाचे जे नियम लिहून काढले, त्यांत 7 बिटांची अक्षरं होती, म्हणजे अवघी 128 चिन्हं. इंग्रजी मजकूर त्यात मावतो. फोटो मावत नाही, मराठीही मावत नाही.

वाट काढली नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी. त्यांच्या पद्धतीचं नाव माइम. 11 मार्च 1992 रोजी बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीनं पहिलं पत्र पाठवलं. ते वाद्यांशिवाय गाणाऱ्या चौघांच्या एका चमूत होते. त्या चमूचा फोटो आणि त्यांचं गाणं, दोन्ही पत्राबरोबर गेलं.

*

युक्ती साधी आणि फार सुंदर आहे. फोटोतले तीन बाइट घ्यायचे, म्हणजे 24 बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक साधं अक्षर द्यायचं. मोठी 26, छोटी 26, दहा अंक, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ, अशी एकूण 64 अक्षरं. म्हणून नाव बेस-64. तिनाचे चार झाले, म्हणून 3 एमबीचा फोटो पत्रात 4 एमबीचा होतो. पत्राची मर्यादा 25 एमबीची असली तर 24 एमबीची फाइल त्यात का बसत नाही, याचं कारण हेच.

कच्च्या मजकुरात अशा अक्षरांचा लांबलचक ढीग दिसला की समजावं, चित्र पत्रातच आहे. ढीग ‘तिरकी रेघ, 9, जे, तिरकी रेघ’ असा सुरू झाला तर ते जेपेग. ‘आय, व्ही, बी, ओ, आर’ असा सुरू झाला तर पीएनजी.

*

आपल्या मराठी पत्राचा कच्चा मजकूर एकदा उघडून पाहावा. तोही बहुधा याच वेषात असतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी तीन-तीन बाइटांची, म्हणजे बेस-64 मध्ये बरोबर चार अक्षरं. मजकूर देवनागरी अक्षरानं सुरू होत असेल तर ढिगाची सुरुवात ‘4, के, एस’ अशी होते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसले होते. फोटो आणि मायबोली, दोघं एकाच गाडीनं आले.

*

पत्राच्या पोटातलं चित्र आणि मजकुरातली चौकट यांची गाठ कंटेंट-आयडीनं पडते. चित्राच्या भागावर एक खूण असते आणि चौकटीत तीच खूण लिहिलेली असते. दोन्हींत एका अक्षराचा फरक पडला तरी चौकट रिकामी राहते, आणि चित्र शेवटी अटॅचमेंट म्हणून लोंबकळतं. मजकूर आणि चित्रं ‘मल्टिपार्ट रिलेटेड’ या एका मोटेत बांधलेली नसली, तरी काही ॲपमध्ये असंच होतं. वाचक म्हणतो, ‘फोटो खाली आलेत, जागेवर नाहीत.’ ही तक्रार ऐकली की मी खुणा तपासते.

*

कोड लिहिणारे कधीकधी बेस-64 चा ढीग थेट चौकटीच्या पत्त्यातच ओततात. ब्राउझरमध्ये चित्र छान दिसतं. जीमेलमध्ये दिसत नाही. ब्राउझरमधल्या चाचणीवर विसंबू नये.

*

दूरच्या सर्व्हरवरची चित्रं. इथे पत्र हलकं राहतं, कारण चित्र वाचकाच्या बाजूनं मागवलं जातं. पण मागवताना मागणारा कळतो: कोणत्या पत्त्यावरचं पत्र, किती वाजता उघडलं. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या कंपन्या यासाठी एक पिक्सेल रुंद आणि एक पिक्सेल उंच असं, डोळ्यांना न दिसणारं चित्र पत्रात ठेवतात. फसव्या मेलवाल्यांनी तेच केलं, कारण चित्र मागवलं गेलं की पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळतं. म्हणून आउटलुकनं 2003 च्या आवृत्तीपासून बाहेरची चित्रं आपणहून आणणं थांबवलं.

त्यामुळे काही रिकाम्या चौकटी हा बिघाड नसतो. ती राखण असते. पत्र ओळखीच्या माणसाचं असेल तर चित्रं दाखवायला सांगावं, पाठवणाऱ्याचा पत्ता संपर्कयादीत घालावा. अनोळखी पत्राच्या चौकटी रिकाम्याच राहू द्याव्यात. वडीलधाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण ‘चित्र दिसत नाही, काहीतरी दाबायला हवं’ या घाईत नको ते दाबलं जातं.

*

डिसेंबर 2013 पासून जीमेल ही चित्रं आधी स्वतःच्या सर्व्हरवर आणतं आणि तिथून दाखवतं. 2021 पासून ॲपलच्या मेलमध्येही खाजगीपणाची तशी सोय आहे. वाचकाचा माग लपतो, हे चांगलंच. पण मधला हा माणूस लक्षात ठेवायला हवा. ऑफिसच्या आतल्या जाळ्यात ठेवलेलं, पासवर्डामागचं चित्र त्याला उचलता येत नाही. आणि त्यानं एकदा नेलेली प्रत जपून ठेवलेली असते. सर्व्हरवर चूक दुरुस्त करून त्याच नावानं चित्र ठेवलं, तरी वाचकाला जुनंच दिसू शकतं. दुरुस्त चित्राला नवं नाव द्यावं.

*

गूगल ड्राइव्हवरची लिंक. बाईंनी तीच चौकटीत घातली. त्या स्वतःच्या खात्यात शिरलेल्या होत्या म्हणून त्यांना फोटो उघडला, बाकीच्यांना परवानगी नव्हती. सी ड्राइव्हचीच गोष्ट पुन्हा घडली, फक्त पत्ता आकाशातला. आता मी बाईंना म्हणते, ‘बाई, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून लिंक टाकून बघा. ती खिडकी तुम्हाला ओळखत नाही. तिथे फोटो उघडला तर परवानगी सगळ्यांना आहे.’

*

फाइलींची नावं. ‘दिवाळी’ या शब्दात सहा खुणा आहेत. वेबच्या पत्त्यात प्रत्येक खुणेची नऊ अक्षरं होतात, म्हणजे सहांची 54. एवढा लांब पत्ता वाटेत कुठेतरी तुटू शकतो. माझं मराठीवर प्रेम आहे, तरी वेबवरच्या चित्राचं नाव मी रोमन छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहिते. छोट्या अक्षरांचं कारण वेगळं. विंडोजला मोठं आणि छोटं अक्षर सारखंच वाटतं, लिनक्सच्या सर्व्हरला ती दोन निराळी नावं वाटतात. घरच्या संगणकावर दिसणारं चित्र सर्व्हरवर गेल्यावर नाहीसं होतं ते बरेचदा यामुळे.

*

प्रेसमधून मुखपृष्ठ कोरल ड्रॉच्या फाइलीत येतं, कधी टिफमध्ये. छपाईला ते योग्य आहे, पत्रात ते बहुतेकांना चित्र म्हणून दिसणार नाही. आयफोन 2017 पासून फोटो हाइक प्रकारात जतन करू लागला आणि पुष्कळ विंडोज संगणकांना तो उघडता येत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपेग येतात. पत्रासाठी जेपेग आणि पीएनजी हे दोन सगळीकडे चालतात. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

*

‘विनमेल डॉट डॅट’ नावाची एकच फाइल आली आणि बाकी काही नाही, तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकनं पत्र रिच टेक्स्ट प्रकारात बांधलं आहे. त्यांना एचटीएमएल प्रकारात पुन्हा पाठवायला सांगावं. 

साध्या मजकुराच्या प्रकारात फॉरवर्ड केलेल्या पत्रातूनही मजकुरात बसवलेली चित्रं गळतात. मूळ पत्र शोधावं.

*

शुभेच्छापत्र: गडद निळं पार्श्वचित्र, वर पांढरी अक्षरं. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक 2007 पासून पत्रं वर्डच्या यंत्रणेनं मांडतं, आणि ते साध्या रीतीनं घातलेलं पार्श्वचित्र दाखवत नाही. चित्र गेलं, पांढऱ्यावर पांढरी अक्षरं उरली, पत्र कोरं. चित्रामागे त्याच्याच जवळचा एक सपाट रंग द्यावा. चित्र आलं नाही तरी शब्द वाचता येतात.

*

आमचे एक सभासद डोळ्यांनी अधू आहेत. त्यांचा संगणक त्यांना पत्र वाचून दाखवतो. दिवाळीचं पत्रक दुरुस्त करून पुन्हा पाठवल्यावर मी त्यांना फोन केला: ‘काका, आता सगळं नीट आलं का?’ ते म्हणाले, ‘मजकूर आला. मधे आठ वेळा नुसतं ‘‘चित्र’’ असं म्हणालं.’

सगळ्यांच्या चौकटी भरल्या होत्या. त्यांच्या अजून रिकाम्याच होत्या.

*

प्रत्येक चित्रासोबत पर्यायी मजकूर देता येतो. चित्र न दिसणाऱ्याला तो वाचता किंवा ऐकता येतो. बाहेरची चित्रं अडवलेल्या वाचकालाही बहुधा चौकटीत तो दिसतो. त्यात ‘फोटो 3’ लिहून उपयोग नाही. काय आहे ते लिहावं. आता बाई आणि मी मिळून लिहितो. त्या फोटो बघून सांगतात, मी टिपून घेते.

‘वाचनकक्षातलं लांब शिसवी टेबल. खिडकीतून ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलंय. तीन मुली एकाच पुस्तकावर वाकल्यात.’

*

पत्रक पाठवण्याआधीचा क्रम. चित्रं पत्रात बसवायची किंवा खुल्या सर्व्हरवर ठेवायची. आधी दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर, दुसऱ्या फोनवर पाठवून बघायचं. मग सेटिंग्जमध्ये बाहेरची चित्रं बंद करून पर्यायी मजकुरासह पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचं.

या महिन्यात बाईंनी तसं वाचलं. टेबलावरच्या उन्हापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अर्ध्यापर्यंत नाही, पाऊणपर्यंत आहे.’ दुरुस्त करून पत्रक पाठवलं.