चौकटीतल्या बातम्या

वर्तमानपत्र वाचण्याची आमची एक जुनी खोड आहे. मुख्य बातमी, अग्रलेख, पुढाऱ्यांची भाषणे हे सगळे मागाहून. आम्ही आधी शोधतो ती आतल्या पानावरची, कोपऱ्यात चौकट टाकून छापलेली चार ओळींची बातमी. कुठे नवरदेव वरातीतून पळाला, कुठे कोंबड्यावरून दोन गावांत भांडण लागले, कुठे उंदराने पुरावा खाल्ला. मंडळी म्हणतात, "एवढे शिकलात आणि वाचता काय तर हे!" पण कारकुनाचा हात कागद टाकून द्यायला धजत नाही. आम्ही ती चौकट कापतो, मागे तारीख टाकतो आणि फाईलला लावतो. अशी आमची फाईल आता चांगली जाडजूड झाली आहे. पाहुणे आले की पोरे तीच काढून वाचत बसतात आणि घरात हशा पिकतो.

या फाईलमधला सर्वांत जुना कागद 21 सप्टेंबर 1995 च्या प्रकाराचा आहे. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना तो दिवस आठवत असेल. गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी आवई उठली आणि एका दिवसात ती देशभर, अगदी परदेशापर्यंत पोचली. तेव्हा ना हातात मोबाईल होते, ना व्हॉट्सअ‍ॅप. आम्ही शाळेत होतो. रांगाच रांगा लागल्या होत्या. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले की दूध मूर्तीच्या पोटात जात नाही. पृष्ठताणामुळे ते चमच्यातून ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळते. आमच्या वस्तीतल्या एका मास्तरांनी तर याहून सोपे केले. त्यांनी घरातला वरवंटा धुऊन उभा केला आणि काठोकाठ भरलेला चमचा त्याला टेकवला. वरवंटाही दूध प्यायला! बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसल्या. पण त्या दिवशी दूध आणायला आईने आमच्या हाती पैसे देऊन पाठवले होते, ते चहाच्या दुधाचे. दुकानात दूध शिल्लक नव्हते. कोरा चहा प्यालो, ते आम्हाला अजून आठवते.

पुढे ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची बातमी आली. लोक बाटल्या, कॅन घेऊन धावले. कुणी पोरांना पाजले, कुणी आजाऱ्यांसाठी घरी नेले. पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी भरभरून येते आणि समुद्राचा खारटपणा तेवढ्यापुरता कमी होतो, एवढीच ती गोडी. आणि मिठी नदीत काय काय सोडलेले असते, हे मुंबईकरांना आम्ही सांगायला नको. पिऊ नका, असे महापालिका ओरडून सांगत होती. ऐकतो कोण?

या झाल्या लोकांच्या गमती. आम्ही पडलो कॉमर्सचे, म्हणून आम्हाला जास्त रस सरकारी गमतीत. मे 2017 मध्ये बिहारमधून बातमी आली की जप्त केलेली नऊ लाख लिटरहून अधिक दारू उंदरांनी पिऊन टाकली, असे पोलिसांचे म्हणणे आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये मथुरेच्या पोलिसांनी कोर्टात सांगितले की मालखान्यातला 581 किलो गांजा उंदरांनी फस्त केला. कोर्टाने पुरावा मागितला, हे बरे झाले. आम्ही वर्षानुवर्षे साठा नोंदवही लिहितो. आरंभीची शिल्लक, आवक, जावक, अखेरची शिल्लक. आमच्याकडे दोन रिम कागद कमी भरले तरी खुलासा लिहून द्यावा लागतो. त्यात आम्ही "उंदीर" असे लिहिले तर साहेब काय म्हणतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. आता जरा पुढचे पाहा. बिहारात दारूबंदी एप्रिल 2016 पासून लागू झाली आणि त्या कायद्याखाली गोरगरीब माणसे हजारोंनी आत गेली. बाटली घेऊन सापडला तो तुरुंगात. आणि लाखो लिटर नाहीसे झाले ते उंदरांच्या नावे! चार ओळींच्या चौकटीत एवढी मोठी गोष्ट बसत नाही, म्हणून आपण नुसते हसतो.

पण आमच्या फाईलमधला राजा म्हणावा असा कागद आहे तो उत्तर प्रदेशातल्या आझमगड जिल्ह्याच्या लालबिहारींचा. जन्म 1955 चा. विणकामाचा धंदा. साड्यांचा छोटा कारखाना टाकावा म्हणून कर्ज काढायला निघाले. जमिनीचा कागद हवा होता, म्हणून महसुली दप्तरात गेले. तेथे लेखपालाने, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याने, सांगितले की लालबिहारी मयत आहे. 1976 सालीच तशी नोंद झालेली. एक एकरही पुरती नसेल एवढ्या जमिनीसाठी भाऊबंदांनीच पैसे चारून जिवंत माणसाला कागदावर मारले होते.

आता माणसाने जिवंत आहोत हे सिद्ध कसे करावे? लालबिहारींनी जे जे केले ते ऐकून पहिल्यांदा हसूच येते. त्यांनी चुलतभावाला पळवून नेले. हेतू हा, की पोलिसांनी गुन्हा नोंदवावा. गुन्ह्यात आरोपीचे नाव लागते आणि मेलेला माणूस आरोपी होत नाही. पत्नीसाठी विधवेच्या पेन्शनचा अर्ज केला. विधानसभेत शिरून पत्रके फेकली. आपल्या नावापुढे "मृतक" असे लावून घेतले आणि सह्याही तशाच करू लागले. निवडणुका लढवल्या त्याही साध्यासुध्या नव्हेत. 1988 मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंगांविरुद्ध आणि 1989 मध्ये अमेठीत राजीव गांधींविरुद्ध ते उभे राहिले. (अलाहाबादच्या त्याच पोटनिवडणुकीत मान्यवर कांशीराम साहेबही उमेदवार होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.) मतदान किती पडेल याची त्यांना फिकीर नव्हती. उमेदवारांच्या यादीत नाव छापून यावे, म्हणजे सरकारच्याच कागदावर आपण जिवंत ठरू, एवढीच अपेक्षा.

हळूहळू त्यांना कळले की आपण एकटे नाही. जमिनीच्या लोभाने कागदावर मारलेली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. कुणी म्हातारी विधवा, कुणी कामधंद्यासाठी परगावी गेलेला भाऊ. त्यांनी मृतकांचा संघच काढला. 30 जून 1994 रोजी सरकारने लालबिहारींना पुन्हा जिवंत केले. म्हणजे जवळजवळ 18 वर्षे माणूस मेलेला होता. 2003 मध्ये त्यांना इग नोबेल नावाचे शांततेचे पारितोषिक अमेरिकेतून जाहीर झाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला ते देतात. 2021 मध्ये "कागज" हा हिंदी चित्रपटही त्यांच्यावरून निघाला.

आम्ही हा कागद ऑफिसात डबे सुटल्यावर वाचून दाखवला होता. सगळे खो खो हसले. एक शिपाईमामा तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, आमच्या गावाकडं पण असंच चुलत्यानं नाव कमी केलं होतं बापाचं." आणि डबा बांधून उठून गेले.

सप्टेंबर 2022 मध्ये हरयाणातल्या रोहतकला 102 वर्षांच्या एका आजोबांनी वाजतगाजत वरात काढली. रथ, बँडबाजा, गळ्यात नोटांची माळ. कागदोपत्री त्यांना मयत दाखवून म्हातारपणाची पेन्शन बंद केली होती. तुमचा फूफा अजून जिवंत आहे, असा फलकच मिरवणुकीत होता. फूफा म्हणजे आतोबा. फोटो सगळीकडे झळकले आणि पेन्शन पुन्हा सुरू झाली. आजोबा वयाने म्हातारे, पण हुशार! अर्जाला जे जमले नाही ते बँडने केले.

आमच्या वस्तीतल्या आजींकडे बँडला पैसे नव्हते. जन्मभर बांधकामावर टोपल्या उचलल्या, उतारवयात चार घरची भांडी घासली. निराधार योजनेचे पैसे एकाएकी यायचे बंद झाले. बँकेत त्यांनी दोन महिने खेपा घातल्या. तिसऱ्या महिन्यात त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही त्यांना घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. यादीत त्यांच्या नावासमोर "मयत" असा शेरा. त्याच नावाच्या पलीकडच्या गल्लीतल्या बाई वारल्या होत्या आणि रेघ या आजींच्या ओळीवर पडली होती. आम्हाला त्यात नवल वाटले नाही. नावे सारखी, आडनावे सारखी, आणि यादी करणाऱ्याला ही माणसे कधी दिसतच नाहीत.

टेबलावरच्या बाबूंनी मान वर न करता सांगितले, "हयातीचा दाखला आणा." आजी म्हणाल्या, "आरं बाबा, मी उभी हाय न्हवं तुझ्यापुढं! भूत असते तर बसचं तिकीट काढून कशाला आले असते?" आसपासचे हसले, बाबूही हसले. दाखला मात्र आणावाच लागला. यंत्रावर अंगठा उमटेना. सिमेंटने आणि भांडी घासायच्या राखेने बोटांवरच्या रेषाच राहिलेल्या नाहीत. मारताना कुणी आजींचा अंगठा मागितला नव्हता.

मग आम्ही आमची कारकुनी बाहेर काढली. अर्ज दोन प्रतींत. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही. सोबत रेशनकार्ड, आधारकार्ड, डॉक्टरांचा दाखला, वारलेल्या बाईंच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल. ही नक्कल त्यांच्या मुलाने दिली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. वाचकांपैकी कुणावर अशी पाळी आली तर तोंडी विनवणी करू नका, शिक्क्याची प्रत हातात ठेवा आणि तिच्या आधारेच पुढचे बोला. ती नसेल तर तुम्ही आला होता हेही कुणी मानत नाही.

सहाव्या महिन्यात आजी जिवंत झाल्या. पैसे सुरू झाले. मधल्या पाच महिन्यांत त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिवसाआड घेतल्या, हे त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितले नव्हते. सुनेने नंतर सांगितले. त्या पाच महिन्यांची थकबाकी अजून मिळालेली नाही. तिसरे स्मरणपत्र देऊन झाले आहे आणि येत्या मंगळवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. आजींना सांगितले आहे, तुम्हीही चला. दिसलेल्या बऱ्या.