गृहकर्जाआधीची तजवीज

गृहकर्जाचा अर्ज एका दिवसात भरून होतो. त्याची तयारी दोन-तीन वर्षे आधी लागते. सातारा-सांगलीत तिचा मोठा भाग म्हणजे गावाला तोंडी ठाऊक असलेली ऐपत कागदावर आणणे. उसाचे बिल कारखान्याकडून थेट खात्यात येते, म्हणून ते दाखवणे सोपे. तासगावचा बेदाणा किंवा घरचे दूध रोखीत विकले, तर ते पैसे बँकेच्या लेखी जवळजवळ नसतातच. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी सलग दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे भरलेली असावीत, ती यासाठी. प्रस्तुत लेखकाच्या घरी एकाचा पगार आणि एकाचा ऊस होता. पगार बँकेने लगेच हिशेबात धरला, उसासाठी मात्र मागच्या हंगामांची बिले आणि खातेउतारा मागितला.

सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत, असे बँका सहसा पाहतात. 20 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 18,000 रुपये बसतो. शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेचे कर्ज पगारातूनच कापले जाते आणि पगारपत्रकावर उघड दिसते. ते आधी फेडले की पात्रता वाढते.

खरी गुंतागुंत जामीनकीची. चुलतभावाला किंवा शाळेतल्या सहकाऱ्याला सही नाकारणे या भागात सोपे नाही, आणि सही केल्यावर ती विसरली जाते. पतअहवाल ती विसरत नाही. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेल्याच्या अहवालात ते कर्ज दिसते आणि कर्जदाराने थकवले तर गुण जामीनदाराचेही घसरतात. गुण 300 ते 900 असतात. 750च्या पुढचे चांगले मानतात. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा अहवाल मोफत द्यायचा असतो. लेखकाच्या अहवालात एका सहकाऱ्याचे केव्हाच फिटलेले कर्ज चालू दिसत होते. बेबाकी दाखला जोडून तक्रार केल्यावर ते निघाले. अशी दुरुस्ती 30 दिवसांत होणे अपेक्षित असते, त्यामुळे अहवाल अर्जाच्या तोंडावर पाहून उपयोग नाही.

पदरचा पैसाही लोक कमी धरतात. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देते. मुद्रांक आणि नोंदणी त्या किमतीत सहसा धरत नाहीत. 30 लाखांच्या फ्लॅटसाठी 3 लाख स्वतःचे, साधारण 6 टक्के मुद्रांकाचे 1 लाख 80 हजार आणि नोंदणीचे 30 हजार, म्हणजे पाच लाखांवर रोकड हाताशी हवी. घर बाईच्या एकटीच्या नावे घेतले तर मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळते.

उरतो जागेचा कागद. सांगलीत गुंठेवारीतल्या जागा पुष्कळ. 2001च्या कायद्याने त्या नियमित करून घेता येतात, पण तो दाखला नसेल तर बहुतेक बँका हात आखडतात. साताऱ्याकडे वडिलोपार्जित जागेवर बांधायचे तर सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतात. हक्कसोडपत्र नोंदवून फेरफार होईपर्यंत थांबावे लागते. कृष्णाकाठी 2005, 2019 आणि 2021चे पूर पाहिल्यावर जागा पूररेषेत येते का, हेही आधी विचारावे. बँकेचा वकील साधारण 30 वर्षांचे दस्त तपासतो. तसाच सर्च रिपोर्ट विसार देण्याआधी स्वतः काढून घेतला, तर दोष निघाल्यास विसार अडकत नाही.