शापायचं व्हायोलिन आणि माझे बारा हजार

"बारा हजारांत नवा मोबाईल आला असता. तू काय, टेप घेणार?" मम्मीचा प्रश्न तसा रास्त होता. पैसे माझे होते, दोन वर्षं नववी-दहावीच्या मुलांना इंग्लिश शिकवून साठवलेले. तरी उत्तर देणं भाग होतं, आणि त्यासाठी मला मागच्या नाताळापासून सुरुवात करावी लागली.

मम्मीचं माहेर सासष्टीत. आम्ही बेळगावला, त्यामुळे अनमोड घाट उतरून तिकडे जाणं होतं ते नाताळात आणि मे महिन्यात. माझे शापाय, म्हणजे मम्मीचे वडील, व्हायोलिन वाजवतात. शेजारचे काका घुमट वाजवतात. चवथीला काकांच्या घरी त्याच घुमटावर मराठी आरत्या होतात आणि नाताळात तेच घुमट आमच्या बाल्कांवात मांडोला साथ करतं. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. काकांना त्याचं फारसं काही नाही. "आमचं आधीपासूनच होतं," म्हणतात.

त्या रात्री मी मोबाईल खुर्चीवर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. शामाय आत नेवऱ्या तळत होती आणि तळता तळता मांडो गुणगुणत होती. आम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

ईस्टरच्या आधी शामाय गेली.

मातीनंतर बेळगावला परत आल्यावर मी ते रेकॉर्डिंग लावलं, फक्त तिच्या गुणगुणण्यासाठी. ते त्यात नव्हतंच. घुमटाची थाप पडली की व्हायोलिन एकदम खाली दबायचं, मग हळूहळू वर यायचं, की पुन्हा थाप. आणि आतून येणारा बारीक आवाज तर साफ पुसला गेला होता. नंतर वाचून कळलं, की मोबाईल मुळात बोलणं टिपण्यासाठी जुळवलेला असतो. मोठा आवाज आला की तो सगळंच कमी करतो, आणि मागचा बारीक, सलग आवाज त्याला कचरा वाटतो. त्याने आपलं काम चोख केलं होतं. माझी शामाय त्याच्या हिशेबात कचरा होती.

तेव्हा ठरवलं, शापायचं व्हायोलिन तरी नीट साठवायचं. त्यांची डाव्या हाताची करंगळी आता पूर्वीसारखी वाकत नाही.

दुकानात गेले तर दुकानदाराने मोठा चार-ट्रॅकचा रेकॉर्डर पुढे केला, बाहेरचे माईक जोडता येतील असा. पण बाहेरचे माईक माझ्याकडे होते कुठे? मग यादी दोनांवर आली. झूम एच१एनमध्ये दोन माईक एकमेकांना काटकोनात असतात आणि मुख्यतः समोरचा आवाज घेतात. टॅस्कॅम डीआर-०५एक्सचे माईक चहूबाजूंचा घेतात. दोघेही खिशात मावणारे, दोघेही २४-बिटमध्ये रेकॉर्ड करणारे. ३२-बिट फ्लोटचेही छोटे रेकॉर्डर आता मिळतात. त्यांत आवाजाची पातळी आधी ठरवावी लागत नाही. पण मला ती स्वतःच्या हाताने ठरवायची होती. एकदा यंत्रावर सोडून बघितलंच होतं.

तबला शिकणारी माझी मैत्रीण म्हणाली, "समोरचाच घे गं. वाद्य स्वच्छ येईल, घरातली खुडबुड येणार नाही." तिचं बरोबर होतं. पण मला खुडबुडच हवी होती. मी चहूबाजूंचा घेतला.

मे महिन्यात बाल्कांवात स्टूल मांडलं, त्यावर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर रेकॉर्डर. टॉवेल नसला तर जमिनीचे हादरे येतात. व्हायोलिन चार फुटांवर, घुमट त्याच्या दुप्पट लांब. पंखा बंद. सगळे घामाघूम. काकांना आधी सगळ्यांत जोरात थाप मारायला सांगितली आणि तीसुद्धा उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावली. खालचे सूर कापणारं बटण बंद ठेवलं, नाहीतर घुमटाचा घुमच गेला असता. तासाला साधारण १ जीबी जागा लागली. मध्येच पोदेराचा भोंगा वाजला. शापाय थांबले. मी म्हटलं, "थांबू नका, तोही येऊ दे."

नंतर हेडफोन लावून शापाय शेवटपर्यंत ऐकत बसले. पहिल्या मांडोत एक सूर चुकला होता, तो त्यांनी लगेच पकडला. "बाय, हे पुसून टाक, परत वाजवतो." मी पुसलं नाही, परत वाजवलेलं वेगळं ठेवलं. मग ते हेडफोन काढून म्हणाले, "सगळं आलंय गो. कावळासुद्धा." थोडं थांबले. "रांदचीकूड तेवढी गप्प आहे."

मला काही बोलता आलं नाही. काकांनी घुमट पुन्हा मांडीवर घेतलं.

मम्मीला मी उत्तर दिलंच नाही, नुसते हेडफोन दिले. ती आता दर रविवारी मिस्साहून आल्यावर मागून घेते.

तुम्हांला रेकॉर्डर घ्यायलाच हवा असं नाही. पण या सुट्टीत घरी गेलात आणि कोणी गात असेल, तर पंखा बंद करा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये नको असलेला आवाज गाळण्याची सोय असेल तर ती बंद करा आणि जवळ जा. आणि लगेच, तिथेच बसून, एकदा ऐकून बघा. मी तीन महिने थांबले होते.