घर बसायलाच हवं!

आपल्याकडे ‘अमक्याचं घर बसलं’ असं कुणी म्हटलं, की पोटात गोळाच येतो. फिनलंडमध्ये मात्र लाकडी ओंडक्यांचं घर बांधलं, की ते नीट बसण्याची सगळे वाट पाहतात. ते बसलं की मगच घरच्यांना हायसं वाटतं! असं घर बांधायला किती दिवस लागतात, या प्रश्नाचं खरं उत्तरही या बसण्यातच आहे.

हेलसिंकीला जाणं झालं, तर सेउरसारी हे बेट चुकवू नका. शहराला लागूनच आहे. पांढऱ्या रंगाच्या लाकडी पुलावरून चालतच तिथे जाता येतं. १९०९ साली आक्सेल हेइकेल या अभ्यासकांनी इथे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं. देशाच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरं, कोठारं, गोठे उचलून इथे आणले. उचलून म्हणजे काय, तर प्रत्येक ओंडक्यावर खूण करायची, घर सुटं करायचं, आणि इथे आणून त्याच क्रमानं पुन्हा रचायचं. भिंतीत ना चुना, ना सिमेंट, म्हणूनच हे जमतं. अशा ऐंशीहून अधिक वास्तू या बेटावर झाडीत विखुरल्या आहेत. त्यांतलं एक लाकडी चर्च १६८५-८६ सालचं. १९१२ मध्ये ते इथे आणलं. त्याचं नाव ऐकून तुम्ही चमकाल. करुणा! ते तिथल्या गावाचं नाव. आपल्या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, पण परक्या मुलुखात कानाला किती गोड लागतं!

सगळ्यांत आधी इथे आलं ते निएमेला नावाचं, जमीनदाराची जमीन कसणाऱ्या एका कुळाचं बिऱ्हाड. मध्य फिनलंडमधल्या कोंगिनकांगसचं. त्यातल्या राहत्या खोलीला धुराडंच नाही. दगडांची मोठी चूल, आणि धूर जायला वर एक झरोका. भिंती काजळीनं काळ्याभोर. चुलीपुढे डोळे चोळत दिवस काढलेल्या आपल्या आज्या-पणज्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

अशा घराची सुरुवात व्हायची हिवाळ्यात, ऐन थंडीत. तेव्हा झाडातला रस थंडावलेला असतो. शिवाय जमिनीवर बर्फ असल्यामुळे पाइनचे ओंडके घोड्याच्या घसरगाडीवरून ओढून आणणं सोपं. वसंतात साल काढायची, कुऱ्हाडीनं बाजू तासायच्या. मग उन्हाळ्यात भिंती चढायला लागायच्या. प्रत्येक ओंडक्याला खालच्या बाजूनं लांबलचक खोबण कोरायची, म्हणजे तो खालच्या ओंडक्यावर चपखल बसतो. दोहोंच्या मध्ये वारा अडवायला शेवाळ भरायचं. कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे. हात सराईत असले, की काही आठवड्यांतच घराच्या भिंती उभ्या!

या कामाला शेजारीपाजारी धावून यायचे. त्याला ते ‘तालकोत’ म्हणतात. मजुरी द्यायची नाही, पोटभर जेवायला घालायचं. आपल्या खेड्यांतली इर्जिक ती हीच की! आणि इर्जिकीसारखंच, तिथेही चुलीशी उभी राहायची ती घरधनीणच.

भिंती झाल्या, छप्पर चढलं, आता पाटपाणी मांडायचं, असं आपल्याला वाटेल. पण नाही. इथूनच खरी परीक्षा. ओलं लाकूड वाळताना आडवं आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ नाही. आता ओंडके तर आडवे रचलेले. त्यामुळे प्रत्येक ओंडका थोडा थोडा बारीक होतो आणि सगळी भिंतच हळूहळू खाली येते. मीटरमागे साधारण दोन ते पाच सेंटिमीटर. म्हणजे अडीच मीटर उंचीची भिंत पाच ते बारा सेंटिमीटर खाली उतरते!

म्हणून जुने सुतार छप्पर घालून घर निदान वर्षभर तसंच सोडून द्यायचे. दारं-खिडक्या नंतर. त्यासुद्धा थेट भिंतीला ठोकायच्या नाहीत. बाजूच्या उभ्या खांबांत सरी ठेवायची, म्हणजे भिंत त्यावरून घसरत खाली येते. चौकटीच्या वर चार बोटं मोकळी जागा सोडायची आणि त्यात जवसाच्या धाग्यांचा बोळा दाबायचा. धुराड्याचं तर आणखी निराळं. ते दगड-विटांचं, ते जागचं हलणार नाही, पण छप्पर मात्र खाली येणार. तिथेही फट राखायची. ज्यानं घाई केली, त्याच्या दारावर भिंतीचा भार आलाच. दार अडकतं, तावदानं तडकतात.

मग तोवर बायको-पोरांनी राहायचं कुठे? बाहेर तर हाडं गोठवणारी थंडी. त्याला फिनिश लोकांनी शहाणी तोड काढली होती. नव्या जागी आधी सौना बांधायचं, म्हणजे वाफेच्या अंघोळीची छोटीशी खोली. लहान म्हणून लवकर उभी राहायची, लवकर तापायची. मोठं घर बसेपर्यंत सगळं कुटुंब त्यातच. बाळंतपणंही सौनामध्येच व्हायची. ऊब, गरम पाणी आणि एकांत, तिन्ही तिथे मिळायचं. आपल्या बाळंतिणीच्या शेक-शेगडीचीच ही थंड मुलुखातली बहीण! घरातल्या मृतालाही अखेरची अंघोळ तिथेच घालत. पाहायला गेलं तर चार ओंडक्यांची खोली, पण पाळण्यापासून तिरडीपर्यंत तिचा आधार.

घाईनं बांधलेलीही घरं आहेत बरं का. कॅनडात क्वेबेक प्रांतात माँटेबेलो इथे १९३० मध्ये सुमारे दहा हजार सीडरच्या ओंडक्यांचं प्रचंड निवास उभं राहिलं, ते अवघ्या चार महिन्यांत! त्यावर देखरेख करणारे व्हिक्टर निमार्क मूळचे फिनलंडचेच. पण तिथे साडेतीन हजार माणसं राबत होती, आणि सीडरचं लाकूड मुळात कमी आकसतं. ते सगळ्यांना कसं परवडावं?

आता फिनलंडमध्येही ओंडके कारखान्यात वाळवून, थर चिकटवून, मापात कापून मिळतात. जवळजवळ न बसणारेही निघाले आहेत. भिंती आठ-पंधरा दिवसांत चढतात आणि सहा महिने ते वर्षात राहायला जाता येतं. पण वेळ वाचला असं म्हणायचं, तर तो कारखान्याच्या भट्टीत गेला. लाकूड वाळायचं ते वाळावंच लागतं. २०१६ मध्ये पुडासयार्वी या गावानं जुन्या शाळांतल्या दूषित हवेला कंटाळून मुलांसाठी भली मोठी शाळाच ओंडक्यांची बांधली. आईबापांना पटलं, ते उगीच नाही.

‘घर पाहावं बांधून’ असं आपण म्हणतो. आपली घरं सिमेंटची असली, तरी दारं, खिडक्या, कपाटं अजून लाकडाची असतातच. तेव्हा या ओंडक्यांच्या घराकडून दोन गोष्टी घ्यायला हरकत नाही. सुतार दाराचं माप घ्यायला आला, की ‘कधी देणार?’ याच्याआधी ‘लाकूड वाळलेलं आहे ना?’ हे विचारा. फळी उघड्यावर वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं, असा जुना हिशेब आहे. आणि पावसाळ्यात दार फुगून अडकलं, तर लगेच रंधा मारून घेऊ नका. ते फुगतं ते रुंदीत, आणि ऊन पडलं की पुन्हा आकसतं. भर पावसात तासलेल्या दाराला उन्हाळ्यात फट पडते, मग डास आणि धूळ यांना आमंत्रणच! थोडं मेण किंवा कोरडा साबण कडेला घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा. तेव्हाही अडलं, तरच सुताराला बोलवा.